सोवळ्यातला हेडफोन

नवऱ्याच्या आत्याला, म्हणजे वसुमतीअक्कांना, मी पहिल्यांदा भेटले ती लग्नाच्या गडबडीत. मी पुण्याची मुलगी, बंगळुरूच्या या घरात नवी, दिसेल त्याच्या पाया पडत चालले होते. अक्कांपुढे वाकले तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, माझ्या पर्समधून लोंबणाऱ्या हेडफोनकडे होतं. त्यांनी तो ओढून बाहेर काढला, दोन्ही गाद्या अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, ह्याच्यात जीवच नाही की ग. कान दुखत नाहीत तुझे, संपदा?"

दुखत होते. पण नव्या नवरीने पहिल्याच भेटीत तक्रार काय करायची, म्हणून मी नाही म्हणाले.

"खोटं बोलतीस," असं म्हणून त्या हेडफोन घेऊन आत गेल्या आणि माझा आशीर्वाद राहून गेला. हेडफोन परत आला तेव्हा त्याला चोळीच्या खणाच्या जांभळ्या, गुबगुबीत गाद्या बसल्या होत्या. तो घालून मी ऑफिसात गेले तर लोक येऊन विचारायला लागले, कुठल्या कंपनीचा आहे म्हणून. मी 'घरचा' असं सांगत सुटले. आशीर्वाद मला अजून मिळालेला नाही, पण त्यानंतर माझे कान कधी दुखले नाहीत.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी कानावर हेडफोन चढवून केली. तिथे पाळी बदलली की आधीच्या मुलीने काढून ठेवलेला हेडफोन आपण घालायचा, अशी पद्धत. तो अजून गरम असायचा आणि त्याला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा. इकडे अक्कांच्या घरी सोवळ्याचा कडक कारभार. इथले लोक त्याला मडी म्हणतात. अक्कांच्या आईने पहिल्याच आठवड्यात निक्षून सांगितलं की दुसऱ्याच्या कानाचं आपल्या कानाला लावायचं नाही, मग नोकरी राहो की जावो. अक्कांना नोकरी सोडायची नव्हती. त्यांनी जुन्या धोतराच्या, नाडी ओढून बसवायच्या टोप्या शिवल्या. कामाला बसताना त्या हेडफोनला चढवायच्या, उठताना काढायच्या आणि घरी येऊन धुवायच्या. बाकीच्या मुली आधी हसल्या. मग उन्हाळा आला आणि सगळ्यांचे कान घामाने चिकटायला लागले, तेव्हा एकेक जण हळूच अक्कांच्या कानाशी लागून टोप्या मागायला लागली.

तिथेच त्यांना हे वेड लागलं. टोपीत कापूस जास्त भरला की पलीकडचा माणूस लांब गेल्यासारखा वाटतो, कमी भरला की अंगावर येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. अक्कांनी बनशंकरीतल्या घरात पडवीच्या कोपऱ्यात शिलाई मशीन मांडलं आणि लोकांचे हेडफोन उसवायला घेतले. कानाला टेकते ती गादी आणि गादीमागची टणक वाटी, एवढ्या दोनच गोष्टींवर त्यांचा जीव. आतली चकती, तारा, कंपनीचं नाव, याला त्या हिशोबातच धरत नाहीत. "आवाज गादीत असतो," असं त्या छातीठोक सांगतात. माझा नवरा रघुनंदन याच क्षेत्रातला, तो एकदा म्हणाला की हे पूर्ण खरं नाही. त्यावर अक्का म्हणाल्या, "पूर्ण खरं तुझ्याजवळ ठेव, मला अर्धं पुरतं."

सगळेच प्रयोग साधतात असंही नाही. शेजारच्या एका मुलाच्या हेडफोनच्या वाटीत त्यांनी इतका फोम कोंबला, की त्याला त्याच्या साहेबाचं बोलणंच ऐकू येईना. अक्का दुरुस्त करून द्यायला तयार होत्या, पण तो नको म्हणाला, असाच छान आहे म्हणाला. दुसऱ्या एका बाईंच्या गाद्या अक्कांनी लोकरीच्या केल्या, तर त्यांच्या कानांना पुरळ उठलं. अक्कांनी त्यांना कैलास जीवन दिलं, पण चूक कबूल केली नाही. हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कुणी असेल तर ते एकच, त्यांचे मोठे भाऊ.

ते माझे सासरे, भीमाचार्य. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, बहीणही, मुलगाही, आणि आता मीही. शाळेत संस्कृत शिकवायचे. सासूबाई गेल्या तेव्हा अण्णा बोलायचेच बंद झाले. अक्कांनी त्यांना आपल्या घरी बनशंकरीला आणलं. जेवायला हाक मारली की यायचे, ताट संपवायचे, उठून जायचे. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून चार शब्द निघाले तर अक्का फोन करून आम्हाला कळवायच्या. असं वर्षभर चाललं. मग लॉकडाउनमध्ये धारवाडच्या कुणा नातेवाइकाने गळ घातली, की आम्ही घरीच बसलोय तर आम्हाला स्तोत्रं शिकवा. रघुनंदनने लॅपटॉप आणून दिला आणि रोज सकाळी पाठ सुरू झाला. धारवाडची माणसं, म्हैसूरची माणसं, दुबईची एक बाई, आणि सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरातून रघुनंदन.

अण्णांनी पहिल्याच दिवशी दुबईच्या बाईंना रडवलं. श्वास भलत्या ठिकाणी घेतला म्हणून त्यांनी तिच्याकडून एकच ओळ परत परत म्हणून घेतली. मला वाटलं आता ती काही यायची नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर. अण्णा रागवायचे, थांबवायचे, पहिल्यापासून म्हणायला लावायचे, आणि पाठ संपला की त्याच तारेत अक्कांशी आमटीवरून भांडायचे. अक्का हरखून गेल्या होत्या.

पण पाठाची वेळ सकाळची, आंघोळीनंतरची आणि नैवेद्याच्या आधीची, म्हणजे अण्णा सोवळ्यात, आणि नैवेद्याचा स्वयंपाक करणाऱ्या अक्काही. तेव्हा त्या लॅपटॉपला शिवायचं कसं? अक्कांनी तोडगा काढला. सोवळ्याची वस्त्रं उंच वलणीवर टाकायची लांब काठी घरात होतीच. लॅपटॉप स्टुलावर ठेवायचा आणि अक्कांनी त्या काठीच्या टोकाने बटण दाबायचं. हेडफोन तर अण्णांनी डोक्यावरच घ्यायचा, तेव्हा तो फक्त त्यांचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि देवघराच्या बाहेर त्याची वेगळी खुंटी. प्लास्टिक धुता येतं म्हणून अण्णांनी त्याला मान्यता दिली. सोवळ्यातला हेडफोन असलेलं घर अख्ख्या बंगळुरूत हे एकच असावं.

ही व्यवस्था सुरळीत चालली होती. मग त्या हेडफोनच्या गाद्यांची साल निघायला लागली. वरचा काळा पापुद्रा सुटून त्याचा चुरा पडायचा. अण्णा पाठाहून उठले की गोपीचंदनाच्या मुद्रांशेजारी गालभर काळे ठिपके. अक्कांनी नव्या गाद्या शिवायला माप मागितलं, तेवढ्यात रघुनंदनने घाई केली. बापाला भारीतलं काहीतरी द्यावं, म्हणून त्याने परदेशी बनावटीच्या गाद्या मागवल्या आणि रविवारी स्वतः येऊन, आंघोळ करून बसवून दिल्या. मऊ, लुसलुशीत, हात लावत राहावा अशा.

सोमवारी सकाळी पाठ झाल्यावर अण्णा खुशीत होते. ते मुलाला म्हणाले, "गाद्या छान आहेत हो. कान निवले." लॅपटॉपवरून रघुनंदनने छाती फुगवून सांगितलं, "असणारच अण्णा. अस्सल मेंढीच्या कातड्याच्या आहेत."

सोवळ्यात, कपाळावर मुद्रा लावून, दोन्ही कानांना मेंढीचं कातडं! हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. या घरात जन्मलेला माणूस, लहानपणी याच कारणावरून कमरेचा पट्टा देवघराबाहेर काढून आत जाणारा. अण्णांचा चेहरा पाहून त्याला कळलं, पण तोवर उशीर झाला होता. आता हेडफोनला हात लावायचा नाही म्हणून अण्णांनी मान खाली घातली आणि गाईने माशा हाकलाव्यात तशी हलवून हेडफोन जमिनीवर पाडला. त्याची एक वाटी तडकली. अण्णा पुन्हा आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पाठ बंद. मला सोवळ्यात चालेल असं काही मिळालं तर बघू."

मी त्या आठवड्यात अक्कांकडे गेले ते नवऱ्याची रदबदली करायला. अक्का पडवीत बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्या रघुनंदनवर चिडल्या असतील, पण त्यांना वेगळीच काळजी लागली होती.

"कातडं निमित्त आहे ग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाठ बंद म्हणताना तो सुटल्यासारखा दिसला. मी बघत होते की. त्याला ऐकू येत नाही."

"अजिबात?"

"आवाज येतो. शब्द नीट लागत नाहीत. किती महिने झाले, कुणाला थांबवत नाही, रागवत नाही. एकेकाचं म्हणून झालं की सरी, पुढे, सरी, पुढे. भीमाचार्य कधी कुणाला सरी म्हणणारा माणूस आहे का?" सरी म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, बरोबर आहे. खरंच, अण्णांच्या तोंडी तो शब्द शोभत नव्हता.

"मग डॉक्टरांकडे न्यायचं?"

"मी एकदा म्हटलं, तर ताटावरून उठून गेला. अभिमान आहे ना. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा पाठ सोडून देईल. आणि पाठ सोडला की परत गप्प होईल." अक्कांनी तडकलेली वाटी हातात फिरवली. "मला तो गप्प नको आहे, संपदा. ते एक वर्ष मी काढलंय. परत नाही काढायची."

इतक्या वर्षांत अक्कांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी लगेच नाक ओढलं आणि म्हणाल्या, "सोवळ्यात चालेल असं मिळालं तर बघू म्हणाला ना? मिळवून देते. मग बघतो कसा नाही ते."

आधी वाटीचा प्रश्न होता. अक्कांनी घरात सगळीकडे नजर फिरवली आणि ती नारळावर येऊन थांबली. करवंटी! पूर्वी स्वयंपाकघरात करवंटीचे डाव असायचे, तेव्हा तिला सोवळ्यात हरकत घ्यायची अण्णांची प्राज्ञा नव्हती. अक्कांनी लोखंड कापायची करवत घेतली आणि मोरीच्या कट्ट्यावर नारळ आडवा धरला. आवाज ऐकून अण्णा आतून ओरडले, "वसु, बायकांनी नारळ फोडू नये!"

"फोडत नाही अण्णा, कापत्ये," अक्कांनी उत्तर दिलं आणि कापत राहिल्या. यावर शास्त्रात काय सांगितलंय ते अण्णांनाही आठवेना.

पहिली जोडी एकाच नारळाच्या दोन अर्ध्यांची केली. एका अर्ध्याला डोळे होते, दुसऱ्याला नव्हते. डोळ्यांतून आवाज बाहेर पळायचा, त्यामुळे एका कानात माणूस अंगणात उभा आणि दुसऱ्या कानात कपाटात कोंडलेला. मग अक्कांनी ठरवलं की दोन्ही वाट्या बिनडोळ्यांच्या आणि सारख्या खोलीच्या हव्यात. म्हणजे दोन वेगळे नारळ लागणार. आणि सारख्या आकाराचे दोन नारळ मिळवणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. अक्का नारळवाल्याकडे नारळ कानाशी नेऊन हलवायच्या नाहीत, शिवणाच्या टेपने त्याचा घेर मोजायच्या. नारळवाला त्यांना बघून दुसरीकडे तोंड फिरवायला लागला.

घरात नारळाचा पूर आला. सकाळी चटणी, दुपारी नारळभात, मधल्या वेळेला वड्या. उरलेलं खोबरं डब्यात भरून अक्का माझ्या गळ्यात घालायच्या. आमच्या सोसायटीत मी इतक्या जणींना खोबरं वाटलं की लिफ्टमध्ये बायका माझ्या हाताकडे बघून मगच हसायच्या. रघुनंदनने एकदा दबकत विचारलं, की घरात नारळ नसलेलं काही खायला आहे का. सगळं तुझ्या मेंढीमुळे झालंय, असं म्हणून मी त्याच्यापुढे वडी ठेवली. शेवटी जमली एक जोडी. पॉलिश पेपरने घासून, तेल लावून अशी गुळगुळीत केली की हातातून ठेववेना.

मग गाद्या. त्यासाठी आम्ही दोघी मेट्रोने चिकपेटला गेलो. तिथे कापडाच्या गल्लीत प्रतापरावांचं अस्तर आणि फोमचं दुकान आहे. प्रतापराव इथल्या जुन्या मराठा घराण्यातले, त्यांची मराठी अर्धी कन्नडच आहे. अक्कांना पाहून ते उठून उभे राहिले.

"या अक्का, बसा. ह्या वेळी कुणाचे कान?"

"माझ्या अण्णाचे. सोवळ्यात चालायला पाहिजे. कातडं नको, आणि कातड्यासारखं दिसणारंसुद्धा दाखवू नका."

"कापूस द्यू?"

"सुती कापड रोज धुवून रोज वाळवायला पाहिजे. ह्या ढगाळ हवेत वाळतंय कधी?"

"मग राहिलं काय अक्का, हवा?"

"हवाच द्या. पण बाहेर जाता कामा नये," अक्का म्हणाल्या. प्रतापरावांनी गुमान फोमचे तुकडे काढले.

कापड अक्कांनी मनात आधीच ठरवलं होतं. अण्णांचा एक जुना मुकटा विरून ट्रंकेत पडला होता. रेशीम सोवळ्यात चालतं, रोज धुवावं लागत नाही. त्या केशरी मुकट्याच्या अक्कांनी गाद्या शिवल्या, करवंट्यांवर बसवल्या, आणि खूप हौसेने कानाला लावून बघितलं. त्यांचं तोंड उतरलं. रेशमाच्या विणीतून हवा निसटत होती. हवेबरोबर आवाजाचा सगळा भारदस्तपणा निघून गेला होता.

"ताकात पाणी घातलंय नुसतं," त्या म्हणाल्या. मी ऐकलं. खरंच, गाणं लावलं तर तबला कुठे गेला तेच कळेना. रघुनंदनने ऐकलं आणि म्हणाला, "सगळे दातांतून बोलतात असं वाटतंय. नुसतं स्स स्स."

पहिल्यांदा मी अक्कांना खचलेलं पाहिलं. पण घटकाभरच. मुकट्याचं उरलेलं कापड घेऊन त्यांनी दुसरी जोडी करायला घेतली. तिच्यात आतल्या बाजूने पातळ रबराचं अस्तर घालायचं, जाड फोम भरायचा, म्हणजे हवा कोंडून राहील. ते अस्तर चिकटवायला त्यांनी चांभारी कामाचा पिवळा गोंद वापरला. आवाज आला तो असा की मी डोळेच मिटले. तबला पोटात वाजत होता. अक्कांनी लगेच धारवाडला, म्हैसूरला, दुबईला निरोप धाडले, सोमवारपासून पाठ सुरू. अण्णांना विचारलंसुद्धा नाही.

सोमवारी मी मुद्दाम सुट्टी घेऊन बनशंकरीला गेले. अण्णा सोवळं नेसून पाटावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत न आवडता जाणाऱ्या पोराचे भाव होते. अक्कांनी नवा हेडफोन पुढे केला. करवंटीच्या वाट्या, केशरी रेशमी गाद्या, हरकत घ्यायला कुठे जागाच नव्हती. अण्णांनी तो नाकाजवळ नेला आणि त्यांचे डोळे चमकले.

"कसला वास हा?"

गोंदाचा होता. तो चप्पल चिकटवायचा गोंद, पूर्ण वाळला नव्हता आणि घमघमत होता. इतका विचार करणाऱ्या अक्कांच्या ध्यानात एवढंच राहिलं नव्हतं. "हे सोवळ्यात चालायचं नाही," असं म्हणून अण्णांनी हेडफोन खाली ठेवला आणि उठायला पाटाला हात टेकला. तिकडे लॅपटॉपवर एकेक चेहरा उमटायला लागला होता.

"बस!" अक्का ओरडल्या. त्या आत धावल्या, पहिल्या जोडीच्या, पाणी घातलेल्या ताकाच्या गाद्या घेऊन आल्या आणि ओढून बसवल्या. "आजचा दिवस ह्याच्यावर भागव. उद्या वास जाईल." मला माहीत होतं त्या कशाला घाबरल्या आहेत. त्या बारीक, चिरक्या आवाजात अण्णांना आणखीच काही लागणार नाही, ते दोन वेळा सरी म्हणतील आणि कायमचे उठतील.

आम्हाला हेडफोनमधलं ऐकू येणार नव्हतं. मी दारात उभी राहून लॅपटॉपवरचे चेहरे बघत होते, अक्का काठी घेऊन स्टुलापाशी. पहिला नंबर रघुनंदनचा. त्याचे ओठ हलायला लागले. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. मी मनात म्हटलं, आता सरी येणार.

"थांब."

अण्णांनी मान वर केली. मला वाटलं कानाला काही टोचलं.

"टकटक कसली?"

लॅपटॉपवर रघुनंदनचे ओठ अर्धवट उघडे राहिले.

"पाठ म्हणताना ऑफिसचं काम करतोस? बोटं चालताहेत तुझी. मला ऐकू येतंय. हात वर घे. दोन्ही. मला दिसू देत." आणि माझा नवरा, ज्याच्या हाताखाली मोठ्ठी टीम आहे, ज्याला ऑफिसात लोक घाबरतात, तो दोन्ही हात वर करून बसला. मी ओढणी तोंडात कोंबली. "आता पहिल्यापासून म्हण. आणि मधल्या दोन ओळी गिळल्यास त्या बाहेर काढ."

पुढचा सगळा पाठ असाच झाला. दुबईच्या बाईंनी श्वास तोडला, त्यांना थांबवलं. धारवाडकरांच्या घरी कुकर लागला होता, त्याची शिट्टी होईपर्यंत सगळ्यांना गप्प बसवून ठेवलं. म्हैसूरच्या एका गृहस्थांना अण्णांनी विचारलं, की तुम्ही कवळी घरात ठेवून आला आहात का. प्रत्येक जण बोलणी खात होता आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसू होतं. तेवढ्यात माझ्या फोनवर रघुनंदनचा निरोप आला, 'अण्णा ओरडले!!' बढतीच्या दिवशीही त्याने मला इतकी उद्गारचिन्हं पाठवली नव्हती. मी तो वाचते आहे तोच अण्णा परत गरजले, "रघुनंदन! परत टकटक!"

नैवेद्याची वेळ टळून गेली. अक्का जागच्या हलल्या नव्हत्या. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या भावाकडे बघत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही रडत होते. एकीकडे हसूही येत होतं.

पाठ संपला. अण्णांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्या विरलेल्या रेशमावरून अंगठा फिरवला.

"जाड आवाज आम्हाला आवडतो," अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू मीच काही विचारलं होतं. "त्याला शब्द पाहिजे होते. जाड आवाजात ते बुडत होते. मी वेडी आणखी भर घालत होते." त्यांच्या तोंडून चुकीची कबुली मी ऐकली ती ही पहिली.

अण्णांनी वर पाहिलं. "वसु, हे सगळे इतके दिवस असंच म्हणत होते?"

"होय की."

"आणि मी सरी म्हणत होतो?"

"होय."

अण्णांची मान खाली गेली, आणि पुन्हा ते जुनं गप्प बसणं येतंय की काय म्हणून मी धसकले.

"मला ऐकू येत नव्हतं, वसु," ते म्हणाले. "लाज वाटत होती."

अक्कांनी काठी भिंतीला टेकवली आणि पदराने गाल पुसले.

"ते कानाचे डॉक्टर म्हणत होतीस, त्यांच्याकडे जाऊ. पण दुपारचं. सकाळी नाही." अण्णांनी सोवळं सावरलं आणि पाटावरून उठले. "सकाळी सगळ्यांना अर्धा तास लवकर बसायला सांग. पहिल्या ओळीपासून परत शिकवायचंय."